राखणीत घातलेलं खत

मथुरेने पेजेचं भांडं चुलीवरून उतरवलं न उतरवलं तोच वाटेवर जीप थांबल्याचा आवाज आला आणि तिने कपाळावर हात मारला. आज पुन्हा! परवा जामसंड्याच्या शाळेची पोरं येऊन गेली. त्याआधी मालवणच्या कुठल्याशा महिला मंडळाच्या बायका. त्याआधी देवबागचे मासे धरणारे रापणकर, ज्यांच्याकडे वाळू आणि माड सोडून भाताचं शेत नावालाही नाही. त्यांना कंपोस्ट बघून काय करायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. पण आले, नाकाला उपरणी लावून उभे राहिले, "बरां आसा" म्हणाले, मथुरेच्या विहिरीचं पाणी प्यायले आणि गेले.

बघण्यासारखं तिथे होतं तरी काय? चिऱ्यांनी बांधलेला एक लांबलचक खड्डा, काठोकाठ भरून वरून शेणमातीने लिंपलेला. भोवती बांबूचं कुंपण, वाटेला दोन्ही बाजूंनी चुन्याचे पट्टे आणि पुढे पाटी : आदर्श कंपोस्ट केंद्र, तळेवाडी, अवश्य पाहा. मेलेल्या माणसाला बघायला जावं तसे लोक ओळीने एका बाजूने यायचे, लिंपलेल्या मातीकडे गंभीर तोंडाने बघायचे आणि दुसऱ्या बाजूने निघायचे. ती दुसरी बाजू मथुरेच्या घरापुढच्या खळ्यातून जात होती. वाळत घातलेल्या सोलांवरून, मिरच्यांवरून, सगळ्यांवरून.

गोष्ट अशी झाली होती. तळेवाडी हे कुणकेश्वरच्या वाटेवरचं गाव, म्हणून विकास गटाने गेल्या श्रावणात हे केंद्र काढायला तेच गाव निवडलं. वाटेला लागून जागा हवी होती आणि तशी जागा होती मथुरेच्या घराशेजारी. तिचा नवरा परशुराम कोल्हापुरात एका वखारीत कामाला, घरी फक्त गणपतीला येणारा. घरात ती आणि तिची सासू काशीबाई, जिला सगळी वाडी माई म्हणायची. नवा ग्रामसेवक श्रीपाद त्यांच्या पडवीत येऊन बसला. इस्त्रीचा सदरा, गोड बोलणं.

"वहिनी, जागा तुमची, शेण तुमच्या गोठ्यातलं, पातेरा तुमच्या बागेतला. वाडीचा आणि बाजाराचा कचरा आम्ही आणून टाकू. खत तयार झालं की हे पहिलं सगळं खत तुमच्या भाताच्या कुणग्यांत," तो चारचौघांसमोर म्हणाला. "आणि यंदा भाजावळ अजिबात करायची नाही हं. पातेरा जाळून राख करण्यापेक्षा कुजवून खत केलेलं बरं."

मथुरेला ते पटलं होतं, हे कबूल करायला हवं. दरवर्षी शेणाचा आणि पालापाचोळ्याचा थर पसरून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायची, धुराने डोळे फोडून घ्यायचे, आणि लावणीच्या वेळी कुणग्यांत घालायला खत उरायचं नाही. तिने बागेतला पातेरा, सगळा वाळका पाला, हाऱ्यांनी डोक्यावरून वाहून आणला. गोठ्यातलं शेण घरच्या शेणखताच्या गायरीत न टाकता इकडे टाकलं. बाजारातली माशांची खवलं आणि कोलंब्यांची सालं आली, वाडीतला केर आला. दिवाळीपर्यंत खड्डा भरला आणि लिंपून टाकला.

घोळ झाला होता तो खड्डा भरायच्याही आधी, पहिल्या दिवशी. कुठलंही काम सुरू करायचं तर नारळ ठेवून गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायला हवं, आणि गाऱ्हाणं घालायचा मान भिकाजी गावकाराचा. आता भिकाजी उभा जन्म गाऱ्हाणी घालत आला ती बहुतेक आंब्याच्या बागांची. मोसम आला की बागेवाले त्याला बोलावणार, तो देवाला साकडं घालणार, की बाबा, फळावर कोणी चोराचिलटाने हात टाकू नये. तोंडाला सवय तीच. त्यामुळे खड्ड्यापुढे उभं राहून त्याने सुरुवात ठीक केली, आणि मग गाडी आपल्या नेहमीच्या वाटेला लागली.

"ह्या जाग्यातल्या जिनसेक तुझी राखण म्हाराजा! जो कोण हेका हात लावीत, तेका जागच्या जागी बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला तसं म्हणायचंच असतं, त्यात कोण विचार करतो? मथुरासुद्धा म्हणाली. श्रीपादही हात जोडून उभा होता.

आपण काय करून बसलो ते कळलं शिमगा झाल्यावर. मथुरा हारा आणि कुदळ घेऊन खड्ड्याकडे निघाली तेव्हा काशीबाई पडवीतून अशी ओरडली की झाडावरचे कावळे उडाले.

"गो, हात लावू नको! राखण आसा ती!"

"कचऱ्याक कसली राखण, माई?"

"गाऱ्हाणां घातलेलां आसा. तूय व्हय म्हटलंस. माझ्या घरातल्या कोणीव थंय हात लावूचो नाय. माका एकच झील आसा आणि तुझ्या पोटी अजून काय्येक नाय."

हे शेवटचं वाक्य मथुरेला फार लागलं. तिने कुदळ टाकली आणि दिवसभर सासूशी बोलली नाही.

मग ती भिकाजीकडे गेली. भिकाजी म्हणाला, राखण घातली ती मी, पण उठवायची तर कौल घ्यायला हवा. कौल घेतला. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आणि जी पडायला नको ती डावीकडचीच पाकळी आधी पडली.

"राखणदार सोडूक तयार नाय," भिकाजी गंभीरपणे म्हणाला.

"कित्याक सोडीत? दर जीपेमागे तेका नारळ गावता!" मथुरा म्हणाली. तिने 'तेका' म्हटलं खरं, पण बघत होती भिकाजीकडे. कारण येणारा प्रत्येक तांडा खड्ड्यापुढे नारळ फोडायचा आणि अर्धा नारळ मानाचा म्हणून भिकाजीच्या पिशवीत जायचा.

हे नारळ फोडायचं खूळ कोणी काढलं? काशीबाईने! खड्डा बघायला आलेल्या माणसांना पडवीत बसवून ती राखणीची गोष्ट सांगायची आणि दर वेळी तिखटमीठ लावायची. एकदा कोणा कुत्र्याने म्हणे खड्ड्यावर तंगडी वर केली आणि तसंच तीन पायांवर केकाटत देवगडपर्यंत गेलं. ते कुत्रं शेजारच्या बाबलीचं होतं आणि त्याला दगड मारला होता खुद्द काशीबाईने. पण लोक ऐकायचे, हात जोडायचे. कुणकेश्वराच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरूही वाटेत खड्ड्याच्या पाया पडून गेले होते. कचऱ्याच्या पाया! मथुरेला हसावं की रडावं कळेना. आणि आलेल्या प्रत्येकाला पाणी, गूळ, कधी चहा, हे सगळं करायचं तिनेच, कारण सासूबाई गोष्ट सांगण्यात गुंतलेल्या.

खड्डा भरलेला, म्हणून वाडीचा आणि बाजाराचा नवा कचरा थांबला होता का? तो कसा थांबेल? पंचायतीचा माणूस तो रोज आणून मथुरेच्या दगडी गडग्याच्या मागे ओतायचा. तिथे त्याचा खड्ड्याहून मोठा ढीग झाला होता. घोंघावणाऱ्या माश्या, घाण वास. कोणी बघायला येणार असलं की श्रीपाद त्यावर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप टाकून घ्यायचा. म्हणजे पाहुणे इकडे कचऱ्याचं खत कसं होतं ते बघणार आणि तिकडे झापांखाली खराखुरा कचरा कुजत पडलेला. मथुरा श्रीपादला म्हणाली, "भाऊ, राखण तुमी मानतास?"

"छे हो वहिनी, मी कसला मानतोय?"

"मगे उगडा."

तो जरा घुटमळला. "तसं नव्हे. आता बघा, उघडला तर येणाऱ्यांना दाखवणार काय? रिकामा खड्डा? पुढच्या महिन्यात कुडाळचं शेतकरी शिबिर येतंय. पावसाळ्यानंतर बघू की."

"पावसाळ्यानंतर? आणि माझो तरवो?"

"तुम्ही यंदा भाजावळ करा ना," श्रीपाद म्हणाला.

भाजावळ करायची कशाची? पातेरा खड्ड्यात, शेण खड्ड्यात. डोंगरीच्या उतारावरची ती हडकुळी जमीन, खताशिवाय पेरली तर बी सुद्धा परत मिळणार नाही. घरात भात होतं ते गणपतीपर्यंत कसंबसं पुरणार. त्यापुढे काय खायचं, हा प्रश्न शिबिराला पडलेला नव्हता, श्रीपादला नव्हता आणि राखणदाराला तर नव्हताच. खड्डा भरलेला असण्यात सगळ्यांचं बरं चाललं होतं. श्रीपादला वरून शाबासकी, भिकाजीला नारळ, काशीबाईला श्रोते. उपाशी राहणार होती ती मथुरा, आणि तिच्याबरोबर तीच म्हातारी.

असे आंबे आले, काजू संपले, करवंदं संपली. रोहिणी लागल्या, समुद्रावरून ढग यायला लागले, शेजारच्या कुणग्यांत पावसाआधीच्या, धूळवाफेच्या पेरण्या सुरू झाल्या. आणि आज पेजेच्या वेळी वाटेवर ही जीप थांबली.

जीप एकटी नव्हती. मागून दोन ट्रक भरून कुडाळच्या शिबिराचे शेतकरी आले. रत्नागिरीहून मोठे साहेब आले होते. श्रीपादने पांढरी टोपी घातली होती, भिकाजी नवं धोतर नेसला होता, झाप सकाळीच टाकून झाले होते. साहेब घाटावरचे, अंगाने भरलेले, हसतमुख. त्यांनी पाटी वाचली, पट्ट्यांमधून चालत आले, लिंपलेल्या मातीकडे बघितलं. श्रीपाद पाठ केलेलं बोलत होता, कुठला थर कशाचा, पाणी कधी मारलं. साहेब मान डोलवत होते. मग त्यांनी विचारलं, "छान. आणि हे खत घालून पीक कसं आलं?"

श्रीपादने टोपी सारखी केली. इतकी माणसं आजवर येऊन गेली, पण हा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"उत्तम येईल, साहेब."

"येईल? ते शेत दाखवा बरं."

श्रीपादने इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर मथुरेवर येऊन थांबली. ती पाण्याची कळशी घेऊन उभीच होती. तिने कळशी खाली आपटली.

"येवा, सायबानू. दाखवतंय."

तिने सगळ्या तांड्याला गडग्यावरून आपल्या कुणग्यांत नेलं. जाताना एका झापाचं टोक पायाने उडवायला ती विसरली नाही. माश्यांचा लोट उठला, साहेबांनी रुमाल काढला. कुणग्यांत भेगाळलेली जमीन होती, गेल्या वर्षीचे खुंट होते आणि दुसरं काही नव्हतं.

"ह्यां शेत," मथुरा म्हणाली.

"आणि खत?"

"खड्ड्यात."

साहेबांचं हसू मावळलं. ते खड्ड्यापाशी परत आले आणि म्हणाले, "मग उघडा की तो! आत्ता, सगळ्यांसमोर. या लोकांना खत बघू द्या." त्यांनी स्वतःच कुंपणाला टेकवलेली कुदळ उचलली. तेव्हा भिकाजी पुढे झाला आणि हात जोडून, शक्य तितक्या शुद्ध भाषेत म्हणाला, की साहेब, राखण घातलेली आहे, जो हात लावील त्याला देव जागच्या जागी बघून घेईल. पडवीतून काशीबाईने कुत्र्याची गोष्ट सुरू केली.

साहेबांनी कुदळीकडे बघितलं. खड्ड्याकडे बघितलं. मग कुदळ हळूच कुंपणाला परत टेकवली.

"नाही म्हणजे, लोकांच्या भावनांचा मान राखायला हवा," ते म्हणाले. "घाई काय आहे? पावसाळ्यानंतर बघू."

पावसाळ्यानंतर! हे शब्द ऐकले आणि मथुरेच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा शिकलेला, एवढा मोठा माणूस, जीपमधून आलेला, आणि तोही भ्यायला! तिने पदर खोचला, कुंपण ओलांडलं आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. ते तिला ठाऊक होतं, जमलेल्यांनाही ठाऊक होतं. पण ती इतक्या मोठ्याने ओरडली की कोणाला ते आठवायला वेळ मिळाला नाही.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याची हाक कानावर पडली की कोकणातल्या माणसाच्या तोंडून हे आपसूक निघतं. शेदीडशे माणसं एकदम म्हणाली.

"ह्या खड्ड्यातलां शेण माझ्या गोठ्यातलां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पातेरो माझ्या बागेतलो, तो मी माझ्या डोक्यार हाडलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां खत माझ्या कुणग्यांत घालूचां, असां सगळ्यांसमोर ठरलां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात श्रीपादही होता.

"गावकारान आंब्याच्या बागेचां गाऱ्हाणां कचऱ्याक घातल्यान, ती तेची चूक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भिकाजीनेही म्हटलं, आणि म्हटल्यावर जीभ चावली. पण देवापुढे निघालेला शब्द परत कसा घेणार?

मथुरेचा आवाज आता चिरकला होता, पण ती थांबली नाही. "तर तुझी राखण तू उचल. ही जमलेली सगळी लेकरां ह्यां खत आज आपल्या हातान माझ्या कुणग्यांत न्हेवन पसरतली, तेंका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जोर चढला होता. साहेबही हात जोडून "होय महाराजा" म्हणून गेले.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं आपण काय कबूल केलं ते. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कोणी धोतर सावरलं, कोणी पाय मागे घेतला. कबूल तर केलं, पण पहिला हात कोण लावणार? मथुरेला ते दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर भीती तिलाही होती. ती माहेरीही लहानपणापासून राखणदाराला भीत आलेली. रागाच्या भरात इथवर आली, आता राग सरत चालला होता. तिने कुदळ उचलली.

"पयलो हात मी लावतंय," ती म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता. "काय होवचां आसात तां माका एकटीक होवंदे म्हाराजा."

सवयीने लोकांची तोंडं उघडली. पण त्यांच्या आधी पडवीतून दुसराच आवाज आला.

"नाय म्हाराजा!"

कोणी गाऱ्हाण्याला नाही म्हटल्याचं तळेवाडीत आजवर कोणाच्या ऐकिवात नव्हतं. उघडलेली तोंडं तशीच राहिली. काशीबाई पडवीच्या पायऱ्या उतरून, लुगड्याचा काष्टा आवळत तरातरा येत होती. तिने कुंपणाची बांबूची आडवी काठी ओढून काढली आणि सुनेच्या हातातली कुदळ हिसकावून घेतली.

"हिका काय्येक होवचां नाय!" ती खड्ड्याकडे, भिकाजीकडे, साहेबांकडे, सगळ्यांकडे एकदम बघत म्हणाली. "हिणां काय केल्यान? दिवसभर राबता, माझां आयकान घेता. व्हयां तर माका धर. माझी हाडां म्हातारी झाली. पण माझ्या सुनेच्या वाटेक गेलंस, तर राखणदार असशीत तुझ्या घरचो, माझ्याशी गाठ आसा!"

आणि तिने कुदळ घातली. लिंपलेली माती फुटली. आत काळंभोर, भुसभुशीत खत होतं, त्यातून वाफ आली, आणि वास आला तो ओल्या मातीचा. सगळे काशीबाईकडे बघत राहिले. ती पडली नाही, तिचं तोंड वाकडं झालं नाही. तिने दुसरा घाव घातला.

"माई, पायाकडे बघा! कुदळ लागात!" मथुरा खेकसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते लपवायला तिच्याकडे रिकामा हात नव्हता, कारण तिने हारा पुढे धरला होता.

"आणि तू रे गावकारा, बघतंस काय? देवासमोर व्हय म्हटलंस मां? हारो घे!" काशीबाई म्हणाली.

भिकाजीने हारा घेतला. मग बाकीच्यांना मागे राहता येईना. ट्रकमधून घमेली निघाली, वाडीतून पाट्या आल्या. सदरा काढून श्रीपाद राबला, साहेबांनीही थोडी घमेली वाहिली आणि पुष्कळ सूचना दिल्या. खत कुणग्यांत जात होतं आणि मथुरा बांधावर उभी राहून ओरडत होती. "असो ढीग करून काय उपयोग, सायबानू? पसरा तां! थंय नको, त्या कोपऱ्यात! अरे मेल्यांनो, इतक्या लोकांक शिकवलास, कोणाक खत पसरूक येणां नाय?"

संध्याकाळी ट्रक गेले, जीप गेली. कुणगे या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे दिसत होते. काशीबाई बांधावर बसली होती, हात कोपरापर्यंत काळे. मथुरा येऊन तिच्या शेजारी बसली.

"माई, तुमका भय नाय वाटलां?"

"वाटलां तर," काशीबाई म्हणाली. "अजूनय वाटतां. हे बघ, पाय कसे थरथरतत. आज रातच्याक माका एकटी निजूक सांगू नको हां."

"कोण सांगता तुमका एकटी निजूक?" मथुरा खेकसली आणि सासूचे मळके पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले.